कोरड्या पॅडचं वजन

१

आईला पुरल्याच्या नवव्या दिवशी तिच्या नावाने हॉस्पिटलचं पत्र आलं. पोस्टमनने ते पेटीत टाकलं नाही. दार वाजवून माझ्या हातात दिलं आणि टोपी काढून क्षणभर उभा राहिला. आत काय असणार हे गावात सगळ्यांनाच माहीत होतं.

१९ सप्टेंबरला, बटाट्याच्या काढणीसाठी शाळा बंद झाल्या त्या आठवड्यात, सेंट ऑदिलच्या हॉस्पिटलात ब्रिएल नाडो बाळंत झाली. सत्तावीस वर्षांची, पहिलटकरीण. मुलगी झाली, ठणठणीत. ब्रिएलचं रक्त मात्र थांबलं नाही. बँगोरच्या मोठ्या हॉस्पिटलाकडे नेताना हेलिकॉप्टरमध्येच ती गेली. तिच्या उशाशी असलेली नर्स म्हणजे माझी आई, ओदेत डेगल. एकतीस वर्षं त्याच वॉर्डात होती. दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवण्यात आलं. सहा आठवड्यांनी, प्लॉयचं, म्हणजे आमच्याकडच्या घावनांचं, पीठ भिजवून ठेवलेलं असताना, ती स्वयंपाकघरात खाली बसली ती उठली नाही. डॉक्टरांनी दाखल्यावर हृदयविकार लिहिलं.

पत्र चौकशी समितीचं होतं. शुक्रवारी सकाळी दहाला अंतिम अहवालावर सह्या होतील, तिला किंवा कुटुंबीयांना काही सांगायचं असल्यास हजर राहावं, असं त्यात होतं. सोबत अहवालाची प्रत. मी ती उभ्यानेच वाचली.

बाळंतपणानंतर किती रक्त गेलं, हे आमच्या हॉस्पिटलात वजन करून ठरवतात. बाईच्या खाली अंथरलेले पॅड भिजले की ते काट्यावर ठेवायचे, कोरड्या पॅडचं वजन वजा करायचं, उरलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर रक्त. ही पद्धत आईनेच हट्टाने आणली होती. डोळ्यांनी अंदाज केला की रक्त नेहमी कमी वाटतं, आणि कमी वाटतं म्हणून बायका मरतात, हे तिने दोन वर्षं दिसेल त्याला ऐकवलं होतं. मलाही, ख्रिसमसच्या जेवणावर.

अहवालात लिहिलं होतं: भिजलेले पॅड चौदा. एकूण वजन १८९० ग्रॅम. भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे कोरड्या पॅडचं वजन ३० ग्रॅम, म्हणजे रक्तस्राव १४७०. नर्स डेगल यांनी नोंदवलेला आकडा ५६०. हजाराच्या वर गेल्यास तातडीने रक्त मागवण्याचा नियम आहे. चुकीच्या नोंदीमुळे ते दीड तास उशिरा मागवलं गेलं. निष्कर्ष: नर्सचा अक्षम्य निष्काळजीपणा.

मी दुसऱ्या गावी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. वजाबाकी चुकलेल्या वह्या मी वर्षाला शेकड्याने तपासते. म्हणून पेन घेऊन बसले. १८९० मधून ५६० गेले, राहिले १३३०. चौदाने भागले.

बरोबर पंच्याण्णव.

निष्काळजी माणूस असा चुकत नाही. त्याची चूक वेडीवाकडी असते. इथे चौदाच्या चौदा पॅडमधून एकच आकडा, न डगमगता, वजा केलेला होता. अहवालाला तक्त्याचा फोटो जोडला होता आणि त्यात ३० स्पष्ट दिसत होतं. फोटोच्या कोपऱ्यात तारीख होती, २० सप्टेंबर.

ब्रिएल गेली एकोणीसला.

२

आमच्याकडे प्रसूतीचे डॉक्टर पंधरा-पंधरा दिवसांच्या बोलीवर येतात. बॅग घेऊन उतरतात, मोटेलमध्ये राहतात, नावं पाठ होईपर्यंत निघून जातात. त्या पंधरवड्याचे डॉक्टर केंडल आता नेव्हाडात होते. मंगळवारी दुपारी त्यांनी फोन उचलला.

"वकिलाने बोलू नको म्हणून सांगितलंय," ते म्हणाले.

"मग मी बोलते. चूक असेल तिथे थांबवा. त्या दिवशी आईने तुम्हाला एकदा फोन केला."

"दोनदा." आणि मग ते स्वतःवरच वैतागले. "हे बघा बाई, मी खाली अपघात विभागात होतो. ट्रॅक्टरखाली सापडलेला माणूस होता टेबलावर. तुमची आई म्हणाली, पाचशे साठ. मी म्हटलं, लक्ष ठेवा, औषध चालू ठेवा. पाचशे साठला कोणी हेलिकॉप्टर बोलावत नाही."

"दुसऱ्यांदा काय म्हणाली?"

"म्हणाली, डॉक्टर, काटा पाचशे साठ सांगतोय, पण मला ती पोरगी जास्त पांढरी दिसतेय. तुम्ही वर या."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, सिस्टर, अंदाज नको म्हणून काटा तुम्हीच आणलात ना? मग काट्याचं ऐका." त्यांचा आवाज खाली आला. "विनोद केला होता मी."

"हे तुम्ही समितीला सांगितलंत?"

"समितीने आकडा विचारला. मी आकडा सांगितला."

फोन ठेवल्यावर मी अहवालाची प्रत पुन्हा उघडली. आईला तो आकडा खोटा वाटत होता, तरीही तिने तो बदलला नाही. म्हणजे निदान त्या वेळी तरी तिच्यासमोर भिंतीवर तीस नव्हतं. किंवा होतं आणि तिला कोणीतरी दुसरंच काही सांगितलं होतं.

वजन करताना ती कधीच एकटी नसे. तिचा नियम होता: एकीने भिंतीवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, दुसरीने वजाबाकी करायची.

मग त्या दिवशी वाचलं कोणी?

३

त्या दिवशी आईबरोबर ड्यूटीला टेस मिशो होती, चोवीस वर्षांची नर्स. आईने तिला दीड वर्ष हाताखाली घेऊन शिकवलं होतं. आईच्या दफनाला ती चर्चच्या शेवटच्या बाकावर बसली होती आणि मला न भेटता निघून गेली होती. बुधवारी सकाळी तिची ड्यूटी संपली तेव्हा मी हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी उभी होते.

"ताई, मला बोलायची मनाई आहे."

"कॉफी प्यायची आहे का मनाई?"

ती हसली नाही, पण आली. पेट्रोलपंपाच्या दुकानात दोन खुर्च्या आहेत, तिथे बसलो. तिने कपाला हात लावला नाही.

"पॅड बदलले होते का गं त्या आठवड्यात?" मी विचारलं.

ती दचकली. "सोमवारी नवे खोके आले. जुने जाड असायचे, गादीसारखे. डेगल सिस्टर म्हणायच्या, यावर आपणच झोपावं. नवे पातळ होते. पण शोषून जास्त घ्यायचे म्हणे. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. रिकाम्या भांड्याचं वजन बदललं की माझ्या वर्गातल्या सगळ्यांचं उत्तर एकसारखं चुकतं. त्यावरून." मी थांबले. "जुन्याचं कोरडं वजन किती होतं?"

"पंच्याण्णव."

ते म्हणताना तिचा चेहरा असा झाला की माझ्या मनात होता तो प्रश्न विचारायची गरजच उरली नाही. तरी विचारला.

"एकोणीसला भिंतीवरून तूच वाचत होतीस ना?"

"हो." ती टेबलाकडे बघत बोलत होती. "त्या पॅड ठेवायच्या आणि म्हणायच्या, वाच. मी वाचायची. प्रत्येक वेळी. पंच्याण्णव, सिस्टर. चौदा वेळा. दुसऱ्या दिवशी त्यांना घरी पाठवलं आणि मी वजनाच्या खोलीत गेले. बघितलं तर भिंतीवर तीस. स्वच्छ तीस, ताई. मी जवळ जाऊन बघितलं."

"तुला वाटलं, तू चुकीचं वाचलंस."

"जुनाच आकडा डोक्यात बसला होता. भिंतीकडे बघत होते आणि वाचत होते डोक्यातलं. दुसरं काय असणार? त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आणि समितीपुढे माझं नाव घेतलं नाही. एकदाही नाही." तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "ब्रिएलला मी मारलं, ताई. आणि तुमच्या आईलाही."

मी तिचा हात धरला नाही. धरायला हवा होता. पण त्या क्षणी तिचं म्हणणं खरं असू शकत होतं.

"त्या दिवशी आणखी काही झालं? ब्रिएलला नेल्यानंतर?"

"दीडच्या सुमाराला त्यांनी माझ्याकडे एक न उघडलेला पॅड मागितला. म्हटलं कशाला, तर म्हणाल्या, तू तुझं काम कर. असं त्या कधी बोलायच्या नाहीत."

"त्या वेळी वॉर्डात कोण कोण होतं?"

"मी, त्या आणि एक पेशंट. मेट्रन मार्लीन मॅडम सकाळपासून प्रेस्क आइलला मीटिंगला गेल्या होत्या, चारला आल्या. डॉक्टर खालीच होते."

"पेशंट कोण?"

"नाव नाही सांगता येणार. तो नियम मी मोडणार नाही." मग कोट घालताना, दाराकडे तोंड करून, ती म्हणाली, "पण ती तुम्हाला शोधतेय. सगळ्यांना विचारत फिरतेय, डेगल सिस्टरच्या मुलीकडे पातेलं कधी नेऊ."

४

पातेलं दुपारीच आलं. कोंबडीचा रस्सा, वर जाडसर पिठाचे गोळे, आणि त्यामागे शॉना लॅव्हॉय, पोटाशी बांधलेल्या दोन महिन्यांच्या मुलासकट.

"आधी येणार होते, पण याला पोटदुखी," ती म्हणाली. "याला काय, मलाच. तुमची आई गेली हे ऐकून मी इतकी रडले की नवरा म्हणाला, तुझी आई गेली तेव्हा एवढी रडली नव्हतीस. म्हटलं, माझ्या आईने मला कधी तितकं सांभाळलं नव्हतं."

मी तिला बसवलं. बाळाचा जन्म एकोणीस सप्टेंबरचा, दुपारी दोन पन्नासचा.

"शेजारच्या खोलीत काय झालंय ते मला ठाऊक नव्हतं," शॉना म्हणाली. "तुमच्या आईचे डोळे लाल होते, एवढंच दिसलं. मी किंचाळायला लागले तर म्हणाल्या, शॉना, तोंड मिट आणि खाली जोर लाव, गाणं नंतर म्हण. शपथ! असंच म्हणाल्या."

मी हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

"शॉना, तुझे हॉस्पिटलचे कागद आहेत?"

"बाळाच्या पिशवीत पडलेत. कशाला?"

मी तिला खरं सांगितलं. कागद तिचे होते, दाखवायचे की नाही हे तिने ठरवायचं होतं. तिने तेव्हाच पिशवी उलटी केली. लंगोट, एक चोखणी, चुरगळलेला लिफाफा. तिसऱ्या पानावर आईचं अक्षर होतं. पॅड तीन, एकूण ४२०, रक्तस्राव ३३०. वेळ तीन दहा.

चारशे वीसमधून नव्वद. तीन पॅड. प्रत्येकी तीस.

सकाळी पंच्याण्णव, दुपारी तीस. एकाच हाताने.

"हे लिहिताना त्यांच्याबरोबर दुसरी नर्स होती?"

"ती पोरगी बाळाला पुसत होती. तुमची आई एकटीच मोठ्याने म्हणत होती, तीस, तीस, तीस. मला वाटलं, माळ जपतायत."

पण एवढ्याने टेस सुटत नव्हती. भिंतीवर सकाळपासूनच तीस असलं, टेसने चुकीचं वाचलं असलं आणि ते आईच्या दुपारी लक्षात आलं असलं, तरी कागद असेच दिसले असते. मी ते बोलून दाखवलं असावं, कारण शॉनाने मान वाकडी केली.

"भिंतीवर? वजनकाट्याच्या खोलीत? दाराशेजारच्या?"

"हो."

"मला चालायला सांगितलं होतं ना, कळा वाढाव्यात म्हणून. मी व्हरांड्यात चकरा मारत होते. दोनच्या आधी. दार उघडं होतं. तुमची आई स्टुलावर चढून भिंतीवर कागद चिकटवत होती. मी म्हटलं, बाई, मी इथे मरतेय आणि तुम्ही सजावट करताय?" शॉना थांबली. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे. "मी काही चुकीचं बोलले का?"

५

टेसला मी फोन करून एकच वाक्य सांगितलं: तू वाचलंस ते बरोबर होतं. मग तिची रूममेट फोनवर आली आणि म्हणाली, ती जमिनीवर बसून रडतेय, काय सांगितलंत तिला?

मग मी आईच्या टेबलाशी बसून सगळं पुन्हा लावून पाहिलं. सोमवारी नवे पातळ पॅड आले, पण भिंतीवर जुन्या जाड पॅडचंच वजन राहिलं. एकोणीसला टेसने ते बरोबर वाचलं, आईने बरोबर वजा केलं आणि उत्तर नऊशेने कमी आलं. ब्रिएलला नेल्यावर आईला तिचा पांढरा चेहरा आठवत राहिला असणार. तिने एक कोरडा पॅड काट्यावर ठेवला. काट्याने तीस दाखवलं.

जुना तक्ता तसाच भिंतीवर राहू देणं तिच्या हिताचं होतं. तिला निर्दोष ठरवणारा तोच एक पुरावा होता. फोटो काढून, साक्षीदार बोलावून, वरिष्ठांची वाट पाहता आली असती. पण व्हरांड्यात शॉना चकरा मारत होती, आणि तासाभरात तिचं रक्त त्याच तक्त्यावर मोजलं जाणार होतं. म्हणून ती स्टुलावर चढली.

उरला एक प्रश्न. सहा आठवडे ती हे बोलली का नाही?

मार्लीन थेरियो प्रसूती वॉर्डाची मेट्रन. आई आणि ती एकाच वर्षी नर्स झाल्या. माझ्या बाप्तिस्म्याला मला हातावर घेतलं ते तिनेच. गुरुवारी सकाळी मी तिच्या ऑफिसात गेले तेव्हा ती उठून जवळ आली.

"पोरी, जेवतेस ना नीट?"

"मावशी, वजनाच्या खोलीतला तक्ता कोणी बदलला ते मला कळलंय."

तिचा हात माझ्या खांद्यावर होता तो तिथेच थांबला. "मिरेल, तुला वाटतंय तसं ते—"

"आईने बदलला."

ती खुर्चीत बसली. म्हणाली, "दार लाव."

मी दार लावलं.

"चार वाजता मी मीटिंगहून आले, तर ती इथेच बसली होती. जुना तक्ता टेबलावर ठेवलेला. म्हणाली, मार्लीन, नवे पॅड आले आणि वजन कोणी केलं नाही." मार्लीन मावशीने चष्मा काढला. "पत्रक आलं होतं, मिरेल. खोक्यांसोबत. नवीन कोरडं वजन तीस, तक्ते बदला. मी सही करून फायलीत टाकलं. वाचलं नव्हतं. त्या दिवशी अशी चाळीस पत्रकं होती, आणि दोन नर्स कमी."

"मग हे समितीला का सांगितलं नाहीस?"

"त्या मीटिंगमध्ये काय चाललं होतं माहितेय? वॉर्ड बंद करायचा की नाही. वर्षाला सत्तर बाळंतपणं, डॉक्टर मिळत नाहीत. त्यांना फक्त कारण हवं होतं. हॉस्पिटलच्या पद्धतीत दोष निघाला असता तर त्याच महिन्यात कुलूप लागलं असतं. मग कळा आलेल्या बाईने कुठे जायचं? तीन तास गाडीत? जानेवारीत, बर्फात? एका नर्सची चूक असेल तर नर्स जाते. वॉर्ड राहतो."

"म्हणून तू तिला बळी दिलंस."

"मी तिला विचारलं." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "इथेच. आणि ती म्हणाली, माझं नाव लाव."

आईवर मला त्या क्षणी जितका राग आला तितका आयुष्यात आला नव्हता. मला न विचारता, न सांगता. दर रविवारी फोनवर हवा कशी आहे, शाळेत काय चाललंय, एवढंच.

"तिने तुला सांगितलं नाही, यातच तिची इच्छा कळते ना गं?" मार्लीन मावशी म्हणाली. "उद्या सह्या होऊन जाऊ देत. तिने जे वाचवलं ते तू मोडू नकोस."

तिचं बोलणं पटण्यासारखं होतं, आणि तेच भयंकर होतं. मी उठलेसुद्धा. पण सहा आठवडे ज्या बाईला मी फोनवर ऐकलं होतं, ती काहीतरी करून मोकळी झालेली बाई नव्हती. ती कशाची तरी वाट पाहत होती. प्रत्येक फोनमध्ये एकदा विचारायची, गावातून तुला कोणी काही बोललं का?

"मावशी, तिने नाव लाव म्हटलं. त्याच्या बदल्यात काय मागितलं?"

मार्लीन मावशीने चष्मा पुन्हा घातला. मग पुन्हा काढला.

"काय मागितलं?"

"ब्रिएलच्या ट्रॅव्हिसला खरं सांग, म्हणाली. त्याच्या बायकोचं काय झालं ते त्याला कळलं पाहिजे. कागदावर काहीही लिही. तिला स्वतःला त्या घरी जायची बंदी होती, हॉस्पिटलच्या वकिलाचं पत्र होतं."

"आणि तू गेलीस?"

"दोनदा गाडी काढली," ती म्हणाली. "दोन्ही वेळा कोपऱ्यावरून परत आले."

६

ट्रॅव्हिस नाडोने दार उघडलं पण वाटेतून हलला नाही. ओठांवर शिवी तयार होती, पण आत बाळ झोपलेलं होतं.

"कशाला आलीस?"

"सांगायला. ऐकून झालं की हाकल."

त्याने मला उभंच ठेवलं. मी उभ्यानेच सांगितलं, क्रमाने, काही न गाळता. पॅड, तक्ता, दोन फोन, स्टूल, चार वाजता काय ठरलं ते. आईने होकार दिला तेही. मध्येच तो बसला. मला बस म्हणाला नाही.

"डोळ्यांना दिसत नव्हतं तिला?" त्याने विचारलं.

"दिसत होतं. म्हणून दोनदा डॉक्टरला बोलावलं. पण काट्याचं ऐकायचं हे तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं."

"आणि ऐकलं."

"हो."

"नसतं ऐकलं तर ब्रिएल जगली असती?"

"कदाचित. दीड तास आधी रक्त मिळालं असतं."

"म्हणजे मी इतके दिवस चुकीच्या बाईला शिव्या देतोय."

तिथे हो म्हणणं सोपं होतं. त्याचसाठी तर मी आले होते, असं मला वाटेत वाटलं होतं.

"पूर्ण चुकीच्या नाही," मी म्हटलं. "नवे पॅड तिच्या हातात चार दिवस होते. हलके लागतायत हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. ती तुझ्यासमोर असती तर तिने हे स्वतःच सांगितलं असतं."

आत बाळ कुरकुरलं आणि पुन्हा गप्प झालं.

"माझी बहीण रेनी जानेवारीत बाळंत होणार आहे," तो म्हणाला. "तिथेच. तू उद्या हे बोललीस तर वॉर्ड बंद होईल?"

"होऊ शकतो."

"आणि नाही बोललीस तर रेनीच्या वेळी भिंतीवर काय लिहिलेलं असेल, कोण बघणार?"

मी म्हटलं, हे दोन्ही धोके मी तोलू शकत नाही, म्हणूनच मी उद्या बोलणार नाही. बायको तुझी, रक्त तिचं, फाईल तिच्या नावाची. तू ठरव. मी शॉनाच्या संमतीने घेतलेली तिच्या कागदाची प्रत टेबलावर ठेवली आणि निघाले. त्याने मला दारापर्यंत सोडलं नाही.

७

शुक्रवारी दहाला समितीचे पाच लोक लांब टेबलाच्या एका बाजूला बसले. दुसऱ्या बाजूला मी. मार्लीन मावशी टोकाला, फायलींसह, शेजारी हॉस्पिटलचा वकील. टेस भिंतीला टेकून उभी होती. तिला बोलावलेलं नव्हतं आणि तिला बाहेर जा म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

अध्यक्षांनी अहवाल वाचला. मला विचारलं, कुटुंबातर्फे काही सांगायचं आहे का? मी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

"नाही," मी म्हटलं.

आयुष्यात इतका जड शब्द मी उच्चारला नव्हता. अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं.

तेव्हा ट्रॅव्हिस आत आला. कामाचेच कपडे, बुटांना माती, कुशीत मुलगी. वकील उठायला लागला तर तो म्हणाला, "बसा हो. मी तुमच्याशी बोलायला आलो नाहीये." अध्यक्षांकडेही त्याने पाहिलं नाही. टेबलाच्या कडेकडेने चालत तो मार्लीन मावशीसमोर जाऊन थांबला. तिने त्याच्या कुशीतल्या मुलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मॅडम, डेगल सिस्टरच्या मुलीने मला काल सगळं सांगितलं," ट्रॅव्हिस म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मला तुमच्याकडून एवढंच हवंय. तुम्ही कधी सांगणार होता?"

वकिलाने तिच्या बाहीला हात लावला. तिने तो हळूच बाजूला केला. ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं, पण ती त्याच्याकडेच बघत राहिली.

"सांगणारच नव्हते," मार्लीन मावशी म्हणाली.

मग ती उभी राहिली, समोरची फाईल उघडली, आणि स्वतःची सही असलेलं पत्रक काढून अध्यक्षांपुढे ठेवलं.